टोयोटा इनोव्हा हायक्रॉस

टोयोटा इनोव्हा हायक्रॉस ही तीन रांगांची, सात किंवा आठ आसनांची मोठी कौटुंबिक मोटार आहे. टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी कर्नाटकातील बिडदी येथे तिचे उत्पादन करते. भारतात ती नोव्हेंबर २०२२ मध्ये सादर झाली. मारुती सुझुकीची इन्व्हिक्टो (२०२३) ही तिचीच आवृत्ती होय.

रचना

इनोव्हा क्रिस्टा या मोटारीत डिझेल इंजिन मागील चाके फिरवते. हायक्रॉसमध्ये पेट्रोल इंजिन असून गती पुढील चाकांना मिळते. बाह्यरूप एसयूव्हीसारखे आहे. हायब्रिड प्रकारात २ लिटरच्या इंजिनाला विद्युत मोटरची जोड आहे. तिची बॅटरी इंजिनामुळे व ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या ऊर्जेवर भरते; बाहेरून चार्ज करावी लागत नाही.

खरेदीविषयक बाबी

हायक्रॉस साध्या पेट्रोल प्रकारातही मिळते. प्रमाणित चाचणीनुसार साधा प्रकार लिटरमागे १६.१३ किमी, तर हायब्रिड २३.२४ किमी धावतो. या हिशेबाने १०,००० किमी प्रवासात सुमारे १९० लिटर पेट्रोल वाचते. हायब्रिडची किंमत बरीच अधिक असल्याने, ज्या कुटुंबाचा वार्षिक प्रवास थोडा आहे त्याला हा फरक भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात. वारंवार थांबाव्या लागणाऱ्या शहरी रहदारीत हायब्रिडचा लाभ अधिक जाणवतो. तिसरी रांग वापरात असताना सामानाची जागा घटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या हायब्रिड मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. विजेवरील मोटारींवर तो ५ टक्के आहे.