फुलाची पिशवी

दिवाळीच्या पहाटे पणतीत वात घालताना ती कोणत्या कापसाची, असे आज कोणी विचारीत नाही. दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात मात्र हा प्रश्न फार महत्त्वाचा होता. बनी म्हणजे लांब, मऊ धाग्याचा कापूस. जरी म्हणजे आखूड आणि खरखरीत. बनीचे नाव विलायतेपर्यंत पोचले होते. पुढे ही बनी वऱ्हाडच्या शेतांतून जवळजवळ नाहीशी झाली. ती कशी, ही कथा ऐकण्यासारखी आहे.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडे डोळे लावून बसल्या. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव कापसाच्या गाड्यांनी गजबजले. १८७० साली तर लॉर्ड मेयो यांनी तिथली जलंब-खामगाव आगगाडी सुरू केली. पण कापसाचा व्यापार वाढला तशी बनी मात्र मागे हटत गेली. यात शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. जरी अधिक पिके, तिची रुईही अधिक निघे, आणि भावातला फरक बेताचाच असे. त्यातच घरच्या रेच्याची जागा वाफेच्या जिनांनी घेतली. दहा गावांचा कापूस एकाच यंत्रात पडू लागला आणि सरकी मिसळून परत येऊ लागली. तीच सरकी शेणात घोळून मृगावर पेरली जाई. जे जिनात मिसळले तेच शेतात उगवले. शेजारी उभ्या राहिलेल्या दोन जातींमध्ये मग मधमाश्या इकडचा पराग तिकडे नेऊ लागल्या.

जिनातली भेसळ हा शिस्तीचा प्रश्न होता. माशीला कशी शिस्त लावणार? त्यावरचा उपाय अगदी साधा आहे, आणि तो थोरामोठ्यांनीही वापरला. फुलांवर जाळी घालून कीटकांना दूर ठेवले तर बी कसे धरते, हे चार्ल्स डार्विन वर्षानुवर्षे तपासत होता. त्याचा ग्रंथ १८७६ साली निघाला. आपल्या संशोधन-केंद्रांत तुरीच्या फांद्यांना मलमलीच्या पिशव्या घालतात, त्यामागचे तत्त्व हेच.

हे काम घरीही होण्याजोगे आहे. जुन्या मलमलीच्या धोतराचा वीतभर तुकडा घ्यावा, दोन कडांना बारीक धावदोरा घालावा, तोंडाशी नेफा करून नाडी ओवावी. वांग्याची किंवा भेंडीची कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळीच पिशवीत घ्यावी, कारण सकाळी माशी आपल्याआधी उठते. वांग्याच्या फुलाला दोन-चार हलक्या टिचक्या मारल्या की पराग आतल्या आत पडतो. फळ धरले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे बियांचे फळ भाजीत जात नाही. पिशवी उकळत्या पाण्यातून काढून वाळवली की पुढच्या फुलासाठी तयार! भोपळ्याचे मात्र नर-मादी फूल वेगळे. दोन्ही झाकून ठेवून सकाळी आपल्या हातानेच त्यांची गाठ घालून द्यावी लागते. ज्वारी-मक्याला कापड चालत नाही. त्यांचा पराग वाऱ्यावर उडतो आणि विणीतून शिरतो. तिथे कागदी पिशवी हवी.

हीच युक्ती पुढे उलट्या दिशेने कामी आली. १९७० साली सुरतेला सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित कापूस काढला. त्यासाठी कळीतले पुंकेसर संध्याकाळी अंगठ्याच्या नखाने खुडायचे, फूल झाकायचे, आणि सकाळी निवडलेल्या नराचा पराग त्याला लावायचा. आधी संकर टाळण्यासाठी झाकलेले फूल आता ठरवलेल्या संकरासाठी झाकले जाऊ लागले. हे काम प्रामुख्याने बायांच्या हातांवर चालते. जालन्याच्या बियाणे-उद्योगाशेजारी, बुलढाण्याच्याच देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा भागांत आज शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बी तयार होते. त्यातून अनेक घरांत चार पैसे येतात, हे खरे.

पण संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले तर आईबापांचे गुण फुटून वेगवेगळे होतात, म्हणून दर साली पाकीट विकत आणावे लागते. घरच्या वांग्याचे बी तसे नाही. ते राखले तर राहते. बनीला ज्यांनी राखायचे त्यांच्या हाती ना जिन होते ना भाव. आपल्या परसातल्या वांग्यापुरते तरी तसे नाही. फराळाचे डबे रिकामे झाले, की एका दुपारी सुईदोरा घेऊन बसावे. दहा पिशव्या सहज होतात.