कोल्हापुरातील एक स्वप्न आणि त्याची नोंद

संतचरित्रांत स्वप्ने पुष्कळ आढळतात. तिथी-वारासह नोंदलेली स्वप्ने मात्र थोडी. तुकोबांनी आपल्या गुरूपदेशाच्या स्वप्नाची तिथी व वार दिला, वर्ष दिले नाही. त्यांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आत्मनिवेदनपर अभंगांत नोंदलेल्या कोल्हापुरातील स्वप्नाची तिथी वर्षासह सांगितली जाते : शके १५६९, कार्तिक वद्य पंचमी, रविवार. आम्ही गणित करून पाहिले. ही तिथी ग्रेगरियन गणनेने १७ नोव्हेंबर १६४७ रोजी येते, आणि त्या दिवशी रविवारच होता.

स्वप्नाविषयी इतका काटेकोरपणा कशासाठी? बहिणाबाईंचे पती वैदिक ब्राह्मण. गृहकलहामुळे गाव सोडून हे कुटुंब फिरत फिरत कोल्हापुरास आले व एका ब्राह्मणाच्या घरी राहिले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनास बहिणाबाई जात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे वासरूही जाई. या प्रकरणाचा गावात बोभाटा झाला व पतीने त्यांना मारहाण केली. पुढे वासरू मेले. त्यानंतर सातव्या दिवशी तुकोबा स्वप्नात आले, त्यांनी मस्तकी हात ठेवला व कानी मंत्र सांगितला. तोवर दोघांची भेट झालेली नव्हती. ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र गुरू केला, या वार्तेने घर पेटले. या दीक्षेला साक्षीदार कोणी नव्हता. बाईंपाशी होती ती केवळ आठवण. म्हणूनच कीर्तन, वासराचा मृत्यू, मधले दिवस व तिथी असा सारा क्रम त्यांनी जपला असावा, असे आम्हास वाटते.

पालि वाङ्मय स्वप्नाला सहजासहजी प्रमाण मानत नाही. मिलिंदपञ्हात भदंत नागसेन स्वप्न पाहणाऱ्यांचे सहा प्रकार सांगतात. वात, पित्त, कफ, देवतेचा प्रभाव, नित्याचा अभ्यास आणि पूर्वनिमित्त या सहांपैकी केवळ शेवटच्या कारणाने पडलेले स्वप्न ते खरे मानतात. विनयपिटकाच्या महावग्गात स्मृती न ठेवता निद्रेत जाणाऱ्याचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत वाईट स्वप्ने पडणे हाही एक आहे. तेव्हा स्वप्नाचा विचार उठल्यावर नव्हे, निजतानाच सुरू होतो. (चमत्कार नाकारणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात महामायेचे स्वप्न ठेवले, हे अभ्यासकांनी लक्षात घ्यावे.)

बौद्ध परंपरेत स्वप्नांच्या रोजनिशीचे ठळक उदाहरण जपानचे आहे. केगोन पंथाचे भिक्षू म्योए (११७३–१२३२) यांनी तरुणपणापासून सुमारे ४० वर्षे आपली स्वप्ने लिहून ठेवली. आधी तारीख, मग स्वप्न, आणि कोठे कोठे त्याचा अर्थ. तारीख, वृत्तान्त व अर्थ वेगळे राखण्याची ही शिस्त आजच्या साधकासही उपयोगी आहे. जाग येताच अंग हलवू नये. डोळे मिटलेलेच ठेवून शेवटचे दृश्य धरावे व तेथून मागे जावे. कोणाशी बोलण्यापूर्वी चार शब्द तरी लिहावेत. अर्थ नंतर, वेगळ्या पानावर. डोळ्यांची जलद हालचाल होत असलेल्या निद्रेतून जागे केलेल्यास स्वप्न बहुधा सांगता येते, हे शिकागो येथील आसेरिन्स्की व क्लाइटमन यांच्या १९५३ च्या संशोधनापासून ज्ञात आहे. थोडा वेळ गेला की तेच निसटते.

बहिणाबाईंपाशी अशी उशाची वही नव्हती. त्यांचे अभंग पुढील आयुष्यातले. त्या काळात स्वप्न कितीदा सांगितले गेले असेल आणि भक्तीचा रंग त्यावर किती चढला असेल! म्हणून तिथी विश्वसनीय व स्वप्नातील तपशील सावधपणे घ्यावा, हेच इतिहासाच्या दृष्टीने योग्य. स्वप्नात दीक्षा झाली की नाही, हा आमच्यापुढील प्रश्नच नव्हे. जातीची भिंत ओलांडून निवडलेला गुरू एका स्त्रीने तिथी-वारासह जाहीर केला, ही घटना मात्र निःसंशय ऐतिहासिक आहे.

याच बहिणाबाईंनी पुढे वज्रसूचीतील विचार मराठी अभंगांत आणला. वज्रसूची हा ग्रंथ परंपरेने अश्वघोषाच्या नावे आहे, आणि त्याच नावाच्या उपनिषदातही तेच खंडन येते; बाईंच्या हाती बहुधा उपनिषदच असावे. ब्राह्मण कोणास म्हणावे? जीव, देह, जाती, ज्ञान, कर्म असा एकेक पर्याय तेथे तपासून बाजूस सारलेला आहे. त्या अभंगांत आधार स्वप्नाचा नाही, युक्तिवादाचा आहे.