सांता फे वाटेचे दगड काय सांगतात?

मंडळी, आज आपण अमेरिकेतल्या एका जुन्या व्यापारी वाटेकडे वळू. पण वाटेपेक्षा तिच्या कडेला उभ्या असलेल्या दगडांकडे जरा जास्त बघू.

१८२१ साली मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि परदेशी व्यापाऱ्यांवरची बंदी उठली. त्याच वर्षी विल्यम बेकनेल मिसूरीतून माल घेऊन सांता फेला पोचला. पुढं सुमारे ९०० मैलांच्या या वाटेवरून कापड आणि लोखंडी सामान जाई. परत येताना चांदी आणि खेचरं येत. १८८० मध्ये रेल्वे सांता फेपर्यंत पोचली आणि गाड्यांची ही वाट संपली.

जमिनीवरची चाकोरी नांगराखाली जाऊ लागली, तेव्हा ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या महिला संघटनेनं खुणेचे दगड बसवायचं ठरवलं. कॅन्सस राज्याच्या विधिमंडळानं १००० डॉलर दिले. तेवढ्यानं भागेना, मग शाळकरी मुलांनी पेनी-पेनी जमवली. आजही तिथं शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला हे दगड दिसतात. त्यांवर कोरलंय : सांता फे ट्रेल, १८२२ ते १८७२.

आता गंमत बघा. वाट सुरू झाली १८२१ ला, संपली १८८० ला. मग दगडावर १८७२ का? कारण त्या सुमारास रेल्वेचे रूळ कॅन्ससच्या पश्चिम टोकाला भिडले होते. म्हणजे दगड सांगतो तो हिशोब कॅन्ससचा आहे, अख्ख्या वाटेचा नव्हे.

आणि दगड काय सांगत नाही? १८२५ मध्ये कौन्सिल ग्रोव्ह इथं ओसेज लोकांशी करार झाला. त्यांच्या मुलखातून वाट जाऊ देण्याचा मोबदला होता ८०० डॉलर. कॉ लोकांना तर १८७३ मध्ये याच कौन्सिल ग्रोव्हचा परिसर सोडून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. या वाटेवर मेक्सिकन व्यापाऱ्यांचे तांडेही होते. आणि १८४६ मध्ये जनरल कर्नीची फौज याच वाटेनं जाऊन सांता फे घेऊन बसली. या सगळ्याला त्या दोन आकड्यांत जागा नाही.

म्हणून दगड खोटा ठरतो का? नाही. तो नसता तर वाट नेमकी कुठून जायची, हेच कित्येक ठिकाणी विसरलं गेलं असतं. फक्त, असा दगड दिसला की आपण दोन प्रश्न विचारायचे : ही वाट कुणाची होती, आणि हा दगड कुणी बसवला? दोन्हींची उत्तरं बहुधा वेगळी निघतात. इतिहासाचं काम तिथून सुरू होतं.