कुठे जळू? ‘महानिर्वाण’ आणि जगण्याच्या हेतूचा प्रश्न

मंडळी, मागच्या वेळी आपण कामूपर्यंत आलो होतो. जगणं जगण्याजोगं आहे का, हाच तत्त्वज्ञानातला खरा गंभीर प्रश्न, असं तो 1942 साली म्हणाला. 1953च्या जानेवारीत पॅरिसला बेकेटचं गोदोची वाट पाहणारं नाटक आलं. दोन महायुद्धं होरपळून काढल्यावर तिथं असं नाटक उगवावं, हे समजू शकतं. आपल्याकडे मात्र नक्कलच जास्त झाली. रिकामा रंगमंच, तुटक बोलणं, की झालं ॲब्सर्ड! असो.

1974 साली पुण्यात थिएटर अकॅडमीनं सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ केलं. त्यातले भाऊराव मरतात आणि स्वतःच्या मरणाचं कीर्तन स्वतःच करतात. हट्ट एकच, जाळा तर जुन्याच स्मशानात. आणि ते तर बंद झालेलं.

आता कीर्तन म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात त्याला धरून आख्यान. गोष्ट कशासाठी सांगायची, ते आधीच ठरलेलं. जगण्याला हेतू आहे, हे धरूनच हा प्रकार उभा आहे. आळेकर तो साचा तसाच ठेवतात आणि आत बसवतात चाळीतला एक साधा माणूस, ज्याच्या आयुष्यात आख्यान लावण्याजोगं काही घडलेलंच नाही. म्हणून आपण हसतो. बेकेटकडे अर्थ गेला तशी शांतता पसरली. इथे अर्थ निघून गेलाय, पण विधी, रडारड, शेजारी, गाणं सगळं जोरात चालू आहे! याला अनुकरण म्हणणारे समीक्षक मला कधीच पटले नाहीत.

भाऊराव ‘मी का जगलो’ असं विचारत नाहीत, ‘कुठे जळू’ विचारतात. हा प्रश्न किरकोळ आहे का? तुम्हा भिगवणकरांना तरी वाटू नये. उजनीचं पाणी चढलं, भीमाकाठची गावं उठली. घरांबरोबर घाट गेले, मसणवटे गेले. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, माणसं बघायला जातात. घराची, जमिनीची भरपाई ठरते. बापाला अग्नी दिला त्या जागेचा रकाना कुठल्या फॉर्मात असतो?

नाटकात हा पेच मुलावर, नानावर येतो. बापाचा हट्ट एकीकडे, बंद स्मशान दुसरीकडे. माणूस आपल्या मरणाकडे तोंड करून जगतो, असं हायडेगर म्हणतो. पण खांदा देणाऱ्यानं कुठे तोंड करायचं? पुढच्या वेळी ‘बेगम बर्वे’ घेऊ, तेव्हा हाच धागा धरू.