मेनेहुनेची पोच

एकाच लहरीवर दोघे एकाच क्षणी बोलू लागले, की दोघांचेही बोलणे मातीमोल होते. म्हणून बिनतारी दळणवळणात कोणास कंप्रतेचा स्वतंत्र पट्टा, तर कोणास काळाचा नेमलेला तुकडा तोडून देण्याचा दस्तूर पडला. ही एक प्रकारची वतनदारीच होती. वतनदार मौन धरून बसला तरी त्याचे वतन दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे.

या दस्तुराला हवाई विद्यापीठाने छेद दिला. तेथील संगणक ओआहू बेटावर मानोआ येथे, महाविद्यालये मात्र निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली, आणि दूरध्वनीच्या तारा महागड्या असून बेभरवशाच्या. शिवाय यंत्रापुढे बसलेला माणूस एक ओळ लिहून बराच वेळ विचारात गढून जाणार. त्याच्यासाठी संबंध मार्ग राखून ठेवणे म्हणजे निव्वळ अपव्यय, हे ओळखून प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी जून १९७१ मध्ये ‘अलोहा’ नावाची जी व्यवस्था सुरू केली, तिच्यात कोणालाही केव्हाही संदेश धाडण्याची मुभा होती.

संदेशाच्या एका पुडक्यात फार तर ८० अक्षरे मावत. पुडके ४०७.३५० मेगाहर्ट्झवरून मध्यवर्ती यंत्राकडे जाई, आणि त्याची पोच ४१३.४७५ मेगाहर्ट्झवरून परत येई. या यंत्राचे नाव मेनेहुने. हवाईच्या दंतकथांतील, रातोरात बांधकामे उभारणाऱ्या बुटक्या लोकांचे ते नाव. पोच आली नाही, तर पुडके टकरीत गारद झाले असे समजून प्रेषकाने पुन्हा पाठवायचे. परंतु दोघेही सारखेच थांबले तर टक्कर अटळ, म्हणून प्रत्येकाने किती थांबायचे हे दैवावर सोपविलेले असे.

या मोकळिकीची किंमत जबर होती. गणिताने दाखविले, की अशा मार्गाची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच कामी येते. १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी ठरावीक ठोक्यावरच संदेश सोडण्याचा निर्बंध सुचविला, तेव्हा ती मर्यादा दुप्पट झाली.

१९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी हीच कल्पना तारेवर आणून ‘ईथरनेट’ची मांडणी केली, आणि आधी कानोसा घ्यावा, मार्ग रिकामा दिसला तरच बोलावे, बोलतानाही ऐकत राहावे, असा शिष्टाचार तिला जोडला. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकाने त्यातील कानोसा घेण्याची रीत पत्करली. परंतु हवेत स्वतःच्याच आवाजापुढे दुसऱ्याचा क्षीण स्वर ऐकू येत नसल्यामुळे टक्कर झाली की नाही हे बोलणाऱ्यास उमगत नाही, आणि म्हणून आपल्या घरातले वाय-फायही सहसा पुडके धाडल्यावर मेनेहुनेच्या काळाप्रमाणेच पोचेची वाट पाहत राहते.