तिकीटबारीचे मोजमाप आणि तालुक्याचा प्रेक्षक : ब्रिटिश पद्धत व मराठी चित्रपटाचा अनुभव

प्रस्तावना

नवा चित्रपट 'चालला' की 'पडला' हे कशावरून ठरते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यापाराचा वाटतो. परंतु यशाच्या प्रत्येक मापाला स्वतःचा इतिहास असतो. त्या मापात काही प्रेक्षक मोजले जातात, तर काही सुटून जातात. ब्रिटनमध्ये नव्या चित्रपटाचे भवितव्य प्रदर्शनानंतरच्या पहिल्या शुक्रवार, शनिवार व रविवारच्या उत्पन्नावरून सांगितले जाते. महाराष्ट्रात दीर्घकाळ 'किती आठवडे चालला' हे यशाचे माप होते. गेल्या दोन दशकांत येथेही पहिल्या तीन दिवसांचा आकडा प्रमाण मानला जाऊ लागला. या स्थित्यंतरात विट्यासारख्या तालुक्याच्या गावातील प्रेक्षकाचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. ब्रिटनचा अनुभव येथे तुलनेसाठी घेतला आहे. मोठ्या शेजारी चित्रपटसृष्टीच्या सावलीत वाढणे ही ब्रिटिश व मराठी चित्रपटांची समान नियती आहे. ब्रिटनला हॉलिवूडशी स्पर्धा करावी लागली, तर मराठीला मुंबईतच तयार होणाऱ्या हिंदी चित्रपटाशी.

ब्रिटनमधील साप्ताहिक नोंद

ब्रिटनमध्ये १९४६ साली चित्रपटगृहांतील प्रेक्षकांची वार्षिक संख्या सुमारे १६३ कोटी ५० लाख होती. १९८४ मध्ये ती सुमारे ५ कोटी ४० लाखांवर आली. १९८५ मध्ये मिल्टन कीन्स येथे देशातील पहिले बहुपडदा चित्रपटगृह सुरू झाले आणि त्यानंतर प्रेक्षकसंख्या पुन्हा वाढू लागली. मात्र पडदे वाढले तसे प्रदर्शनाचे स्वरूपही पालटले. पूर्वी मोजक्या प्रती प्रथम मोठ्या शहरांत व नंतर लहान गावांत जात. आता एकच चित्रपट एकाच शुक्रवारी शेकडो ठिकाणी लावणे शक्य झाले. जाहिरातीचा सर्व खर्च त्या एका शुक्रवारभोवती एकवटला. साहजिकच, पहिल्या रविवारच्या रात्री हाती येणारा आकडा पुढील आठवड्याचे पडदे कोणास द्यावयाचे याचा निर्णय करू लागला.

या पद्धतीचा एक गुण मान्य केला पाहिजे. तेथे हे आकडे सार्वजनिक स्वरूपात उपलब्ध होतात. प्रथम यूके फिल्म कौन्सिलने व २०११ नंतर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ते प्रसिद्ध केले. त्या तक्त्यांत एकूण उत्पन्नाबरोबर चित्रपटगृहांची संख्या, प्रत्येक चित्रपटगृहामागील सरासरी, प्रदर्शनाचा कितवा आठवडा आणि मागील आठवड्याच्या तुलनेत झालेली वाढ वा घट हीही दिलेली असते. त्यामुळे अभ्यासकाला केवळ अव्वल क्रमांकावर विसंबून राहावे लागत नाही. १९९८ मध्ये 'दिल से' हा हिंदी चित्रपट ब्रिटनच्या पहिल्या दहांत आला. असे स्थान मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट होय. ब्रिटनमधील भारतीय वंशाचा प्रेक्षक त्यापूर्वीही हिंदी चित्रपट पाहतच होता. या यादीमुळे तो आकड्याच्या रूपाने सर्वांना दिसू लागला. जो मोजला जातो तो दिसतो, हे या उदाहरणाचे तात्पर्य आहे.

महोत्सवी आठवड्यांचा काळ

मराठी माणसाच्या चित्रपटव्यवसायाचा आरंभच दिवसांच्या मोजणीने होतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि तेथे तो २३ दिवस चालला. त्या काळात ही मुदत असामान्य होती. पुढे १९१४ मध्ये फाळक्यांनी आपले चित्रपट लंडनला नेऊन तेथील जाणकारांना दाखविले. बोलपटाच्या युगात दिवसांची जागा आठवड्यांनी घेतली. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला. अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे टिकला. दादा कोंडके यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केल्याची नोंद गिनीज बुकात झाली.

हे माप निर्दोष होते असे मात्र म्हणता येणार नाही. एका शहरातील एका पडद्यावर चित्रपट किती काळ टिकला एवढेच ते सांगते. केवळ सकाळचा खेळ चालू ठेवून किंवा पदरचे भाडे भरून पंचविसावा आठवडा गाठण्याचे प्रकार व्यवसायात अपरिचित नव्हते. शिवाय पडदा हाती असणे ही पूर्वअट होतीच. 'सोंगाड्या' (१९७१) च्या वेळी दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात हिंदी चित्रपटाला प्राधान्य मिळू लागले, तेव्हा शिवसेनेच्या हस्तक्षेपानंतर मराठी चित्रपटाला पडदा मिळाला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. तथापि या मापात एक सोय होती. चित्रपटाची कीर्ती एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी पोहोचण्यास त्यात अवधी मिळत असे. सावकाश पसरणाऱ्या पसंतीला आठवड्यांच्या हिशेबात स्थान होते.

पेटी, परिमंडळ आणि तंबू

आता तालुक्याकडे वळू. विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. १९४९ पूर्वी हा भाग सातारा जिल्ह्यात होता. त्यानंतर तो दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. दुष्काळी पट्टा, हातमाग-यंत्रमाग आणि सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय ही या परिसराची ओळख. येथील गलाई कारागीर देशभरातील शहरांत विखुरलेले आहेत.

प्रशासकीय नकाशा बदलला, परंतु चित्रपटव्यवसायाचा नकाशा जुनाच राहिला. वितरणासाठी देशाची जी परिमंडळे पडली, ती ब्रिटिश अमदानीतील प्रांतांना धरून होती. पश्चिम महाराष्ट्र व कोकण हे गुजरातसह मुंबई परिमंडळात, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडच्या परिमंडळात, तर मराठवाडा निजाम परिमंडळात गणला गेला. १९६० मध्ये मराठी भाषकांचे एक राज्य झाले, तरी मराठी चित्रपटाचे घरचे क्षेत्र व्यवहारात तीन तुकड्यांतच राहिले. हिंदी चित्रपटाच्या हिशेबात त्यामुळे फारसा फरक पडला नाही. मराठी निर्मात्याला मात्र आपल्याच राज्यातील प्रेक्षकाचा एकत्रित आकडा सहजासहजी मिळत नसे.

प्रतींची संख्या थोडी असल्याने चित्रपटाच्या पेट्या पुण्या-कोल्हापुरातून एस.टी.ने वा रेल्वेने गावोगावी फिरत. तालुक्याच्या गावी चित्रपट पोहोचे तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. त्यापुढचा टप्पा म्हणजे फिरते चित्रपटगृह, अर्थात तंबूतला सिनेमा. सुगीनंतर जत्रांचा हंगाम सुरू होई आणि पावसाळ्यापर्यंत हे तंबू एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत मुक्काम हलवीत. पुसेगावची सेवागिरी महाराजांची, पालीची खंडोबाची, खरसुंडीची सिद्धनाथाची अशा यात्रांनी या पट्ट्यात तंबूच्या सिनेमाला प्रेक्षक पुरविला. कामधंद्यासाठी दूर गेलेला माणूस यात्रेला गावी येई आणि कुटुंबासह तंबूत मराठी चित्रपट पाही. महाराष्ट्रातील या तंबूंच्या अखेरच्या काळाचे चित्रण 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात आहे. त्या माहितीपटाची कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली.

येथे हिशेबाची पद्धत लक्षात घेणे आवश्यक आहे. शहरातील मोठ्या चित्रपटगृहात वितरकाला उत्पन्नाचा वाटा मिळे. लहान गावात व तंबूसाठी चित्रपट पुष्कळदा ठरावीक भाड्याने दिला जाई. भाडे एकदा ठरले, की तंबूत दोनशे माणसे आली की दोन हजार, याचा निर्मात्याच्या वहीत फरक पडत नसे. परिणामी मराठी चित्रपटाचा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक त्याच्या हिशेबात पुरेसा उमटलाच नाही. म्हणजे शुक्रवारचा आकडा येण्यापूर्वीही हा प्रेक्षक वहीच्या कडेलाच होता. फरक इतकाच, की त्या वेळी तो चित्रपट पाहू शकत होता.

शुक्रवारचे आगमन

१९९७ मध्ये दिल्लीत देशातील पहिले बहुपडदा चित्रपटगृह उघडले. २००५ च्या सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचविण्याची सोय झाली आणि पेटीचा प्रवास हळूहळू संपला. आता एकाच शुक्रवारी पुणे, सांगली व विटा येथे तोच चित्रपट दाखविणे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले. ही समता स्वागतार्ह होती. परंतु तिच्यासोबत पहिल्या तीन दिवसांचा निवाडाही आला. ज्या चित्रपटाला सोमवारपर्यंत गर्दी जमविता आली नाही, त्याचे खेळ कमी होऊ लागले किंवा गैरसोयीच्या वेळी ढकलले जाऊ लागले.

शेतीच्या व बाजाराच्या दिवसांनुसार जगणाऱ्या प्रेक्षकाची सवड शुक्रवार ते रविवार या चौकटीत बसेलच असे नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने हे दाखवून दिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत, यात्रांच्या व लग्नसराईच्या दिवसांत आलेल्या या चित्रपटासाठी सातारा जिल्ह्यात मध्यरात्री व पहाटे खेळ लावल्याची वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली होती. १०० कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. ३० जून २०२३ रोजी आलेल्या केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'चा आलेख तर अधिक बोलका आहे. स्त्रियांचे गट एकमेकींना सांगून चित्रपटगृहात येत गेले आणि दुसऱ्या आठवड्याचे उत्पन्न पहिल्यापेक्षा जास्त झाले. केवळ पहिल्या शुक्रवारवरून त्याचा निकाल लावला असता, तर तो चुकीचा ठरला असता. या चित्रपटाला दुसरा आठवडा मिळाला. ज्यांना तो मिळत नाही, त्यांच्याविषयी आकडे मौन बाळगतात.

आपल्याकडील आकड्यांची विश्वसनीयता हा स्वतंत्र प्रश्न आहे. ते बहुधा निर्माते, वितरक वा व्यापारी नियतकालिकांकडून येतात. कधी करासह एकूण विक्री, कधी करवजा रक्कम, तर कधी केवळ वितरकाचा वाटा सांगितला जातो आणि वाचक या तिन्हींची सरमिसळ करतो. शंभर पडद्यांवरील चित्रपट व तीन हजार पडद्यांवरील चित्रपट एकाच यादीत मांडले, की पहिला आपोआप खाली जातो. प्रत्येक पडद्यामागील सरासरी पाहिली, तर हा क्रम अनेकदा बदलू शकतो.

कर, राखीव वाटा आणि मोजणी

राज्यसंस्थेने या विषमतेवर कोणते उपाय केले, तेही तुलनेने पाहण्याजोगे आहे. ब्रिटनने १९२७ च्या कायद्यान्वये चित्रपटगृहांत देशी चित्रपटांसाठी राखीव वाटा ठेवला. त्यातून कोटा भरण्यापुरते घाईने काढलेले सुमार चित्रपटही निपजले. भारतात याच सुमारास नेमलेल्या रंगाचारियार समितीने साम्राज्यातील चित्रपटांना विशेष सवलत देण्याची कल्पना नाकारली. पुढे १९५० मध्ये ब्रिटनमध्ये 'ईडी लेव्ही' सुरू झाली. १९५७ मध्ये तिला कायद्याचे बळ मिळाले आणि १९८५ मध्ये ती रद्द झाली. तिकिटावरील आकारणीतून जमलेला निधी ब्रिटिश चित्रपटांना त्यांच्या देशातील उत्पन्नाच्या प्रमाणात मिळत असे.

महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये सुरू केलेली करपरतावा योजना याच जातीची होती. मराठी चित्रपटावर जमा झालेला करमणूक कर निर्मात्याला पुढील मराठी चित्रपटासाठी परत मिळू लागला. दोन्ही योजनांचा पाया तिकीटविक्रीची नोंद हाच होता. म्हणजे ज्याची नोंद झाली, त्याच प्रेक्षकाच्या पैशातून पुढील चित्रपट उभा राहिला. २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपट दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत दाखवावेत, असे धोरण शासनाने स्वीकारले. त्याचा भर शहरी पडद्यांवर होता. १ जुलै २०१७ पासून करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. आरंभी १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के, तर त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर होता. २०१९ मध्ये हे दर अनुक्रमे १२ व १८ टक्के झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर ५ टक्क्यांवर आला. स्वस्त तिकिटाच्या लहान चित्रपटगृहांना ही शेवटची कपात उपकारक आहे. मात्र जी चित्रपटगृहे तोवर बंद पडली, त्यांना तिचा उपयोग नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, महोत्सवी आठवडे व पहिल्या तीन दिवसांचा गल्ला ही दोन्ही मापे अपुरी आहेत. पहिले एका शहराच्या एका पडद्यावर खिळलेले आहे, तर दुसरे घाई करू शकणाऱ्या प्रेक्षकाला झुकते माप देते. दुसरी, तालुक्याचा व यात्रेचा प्रेक्षक दोन्ही मापांतून निसटला. त्यामुळे त्याची आवड निर्मितीच्या व धोरणाच्या विचारात पुरेशा वजनाने आली नाही. तिसरी, ब्रिटनकडून घेण्याजोगे असेल तर ते पहिल्या क्रमांकाचे आकर्षण नव्हे, तर सार्वजनिक व तपशीलवार नोंदीची शिस्त होय. मराठी चित्रपटांसाठी जिल्हावार, पडद्यामागील सरासरीसह आणि किमान चार आठवड्यांची नोंद प्रसिद्ध होऊ लागली, तर अनुदानाचे व पडद्यांच्या वाटपाचे निर्णय अधिक न्याय्य होतील.

यात महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे. करमणूक कराच्या काळातील विवरणपत्रे, चित्रपटगृहांच्या रोजकीर्दी, तंबूमालकांच्या भाड्याच्या पावत्या आणि जत्रांच्या हस्तपत्रिका हे या इतिहासाचे प्राथमिक साधन आहे. चित्रपटगृहाच्या जागी मंगल कार्यालय वा व्यापारी संकुल उभे राहते, तेव्हा हे कागद सर्वप्रथम रद्दीत जातात. इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य व मराठी या विभागांनी आपापल्या तालुक्यापुरते हे कागद मिळविले आणि तंबूत सिनेमा पाहिलेल्या व दाखविलेल्या वृद्धांच्या मुलाखती नोंदविल्या, तर आजवर मोजला न गेलेला हा प्रेक्षक निदान इतिहासाच्या वहीत तरी उतरेल.