ज्ञानकोशवाले केतकर आपल्या अमरावतीचे

नांदगाव खंडेश्वरहून मी बोलतोय. मोबाइलवर शब्द टाकला की अर्थ सेकंदात येतो. पण तो अर्थ पहिल्यांदा कुणीतरी बसून लिहिला असेल ना? आज त्या माणसांची गोष्ट.

फ्रान्समध्ये पिएर लारूस हा लोहाराचा पोरगा. त्यानं सगळ्या ज्ञानाचा एकच कोश काढायला घेतला. १८६६ पासून खंड निघाले, पंधरा झाले. पण काम पुरं व्हायच्या आधीच, १८७५ मध्ये, तो गेला.

आपल्याकडचा असा माणूस म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म १८८४, रायपूरचा. शाळा मात्र आपल्या अमरावतीत. पुढे अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन पीएच.डी. केली. परत आल्यावर मराठीत ज्ञानकोश करायचं ठरवलं. राजा नाही, सरकार नाही, मग पैसा कुठून? त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली! सुरुवात नागपुरात, नंतर कारभार पुण्याला.

एकूण २३ खंड निघाले. पहिले पाच नुसत्या प्रस्तावनेचे: जग, वेद, बुद्धाच्या आधीचा आणि नंतरचा काळ, विज्ञानाचा इतिहास. मग ‘अ’ ते ‘ज्ञ’ अशा नोंदी. शेवटी सूची आणि हिंदुस्थानावरचा एक खंड. म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही, त्याच्याही हातात जग आलं. केतकर १९३७ मध्ये गेले, पण हा कोश आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ ते १९३८ मध्ये ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढला, सात खंडांचा. त्यात काही शब्दांपुढे कंसात नुसता ‘व.’ दिसतो. व. म्हणजे वऱ्हाडी!

मला हे फार मोठं वाटतं. आपली पोरं पुण्यात गेली की ‘काऊन’, ‘कायले’ गिळून टाकतात, कुणी हसेल म्हणून. अन् इथं तर वऱ्हाडीला कोशात हक्काची जागा आहे, तीही नव्वद वर्षांपासून. ती बोली अशुद्ध असती तर कोशकारांनी तिच्यासाठी वेगळी खूण कशाला ठेवली असती?

पण कोश छापला की थांबतो, बोली चालत राहते. पऱ्हाटी, डवरा, वखर, तिफन हे शब्द शेतात आहेत तोवर तोंडात आहेत. ट्रॅक्टर आला की अवजार जातं, मागोमाग शब्दही. म्हणून एक काम करा. आज आजीजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा अन् विचारा, ‘आजी, याले काय म्हणतेत?’